तेजोरथचं तेल बनवतं कोण

सोमवार, २४ मार्च

बीपी १५०/९६. डॉक्टर म्हणाले, रोजचा आकडा लिहा आणि त्या दिवशी डोकं कशाने फिरलं तेही शेजारी लिहा. बॅटरी कंपनीने वाटलेली ही डायरी तीन महिने गल्ल्याखाली कोरी पडली होती. आकड्याला अर्धी ओळ पुरते. कारणाला एक पान पुरेल असं दिसत नाही.

आजचं कारण विनेश. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला, नीरामावशीचा मुलगा. कोळ्याच्या घरात जन्मून याला बोट लागते. होडीत पाय ठेवला की उलट्या. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने नवी तेजोरथ गाडी घेतली. मांडव्याच्या धक्क्यावर उभा राहतो आणि बोटीतून उतरलेल्या मुंबईकरांना अलिबाग-नागावला सोडतो. गेल्या आठवड्यात चोंढीच्या पुढे इंजिन जाम झालं. टोचन लावून गाडी पनवेलला कंपनीच्या वर्कशॉपात नेली. वॉरंटी आहे, इंजिन बदलून मिळेल, असं सगळेच म्हणत होते. तिथे इंजिन उघडलं तर आत तेलाचं डांबर झालेलं. त्यांनी कागद हातात दिला: इंजिनात सापडलेलं तेल तेजोरथचं नाही, सबब वॉरंटी रद्द.

आणि तेल बदललं होतं आमच्याच गॅरेजमध्ये. बिल माझ्या अक्षरात, 'तेजोरथ सिंथेटिक, सीलबंद, एक कॅन'. खाली आमचा जांभळा शिक्का, एकवीरा ऑटो, चौल.

"ताई, तुमी काय टाकलात?" विनेशने विचारलं. एवढंच. ओरडला असता तर मीही ओरडले असते, त्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण हळू आवाजात विचारणाऱ्यावर ओरडता येत नाही.

नवऱ्याला, निकेतला, गाडीखालून बाहेर बोलावलं. "मीच कॅन फोडला. सील होता," तो म्हणाला. मग फळीवरचा त्याच मालातला दुसरा कॅन उघडून त्याने दोन थेंब अंगठ्यावर घेतले, बोटाने चोळले, वास घेतला आणि हात धुवायला गेला. हा माणूस स्वतःच्या लग्नातही एवढंच बोलला होता.

अठरा वर्षांत आमच्या दुकानातून डुप्लिकेट वायसरसुद्धा गेला नाही. मी विनेशला सांगितलं, "तेल कंपनीचंच आहे. खोट असेल तर कंपनीच्या तेलात आहे. गाडी बनवणारे काय तेल बनवतात? दुसराच कोणीतरी बनवतो आणि हे आपलं लेबल डकवतात. तो कोण ते मी शोधून काढते. मग तुझं इंजिन कसं देत नाहीत ते बघते."

वर आई एकवीरेची शपथही घेतली. शपथ घ्यायला मला वेळ लागत नाही, निस्तरायला लागतो.

गुरुवार, २७ मार्च

१४८/९४. कॅनच्या पाठीवर मुंग्यांएवढी अक्षरं. मोबाइलवर फोटो काढून मोठे केले. 'तेजोरथ मोटर्सकरिता उत्पादित. कारखान्यासाठी बॅच क्रमांकाचे पहिले अक्षर पाहा.' पुढे तीन अक्षरं, तीन गावं, तीन प्लॉट नंबर. कंपनीचं नाव एकाही ठिकाणी नाही. जसं काही तेल आकाशातून पडतं आणि प्लॉटवर गोळा होतं.

आमचं अक्षर सिल्वासाचं. तिथल्या त्या प्लॉटच्या आसपासचे फोन शोधून लावले. पहिला निघाला पुठ्ठ्याचे खोके बनवणारा. दुसरा म्हणाला, "मॅडम, हम सबका तेल भरते हैं, किसका भरते हैं वो नहीं बोलते," आणि ठेवून दिला. मग तेजोरथच्या ग्राहक सेवेत लावला. गोड आवाजाची मुलगी. पुरवठादाराचं नाव गोपनीय आहे म्हणे. मी म्हटलं, "बाई, माझ्या पोह्यात कुठलं तेल आहे ते मी सांगते, तुम्ही गाडीतलं सांगा." तिने मला गाणं लावून दिलं. अकरा मिनिटं ऐकलं.

दुपारी अल्पेश टेंपो घेऊन आला. माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा आठ वर्षांचा होता, सासू-सासरे दोघंही गेलेले. याचे केस विंचरून शाळेत मी पाठवलाय. आता सत्तावीसचा आहे आणि पुढच्या महिन्यात दिशाशी लग्न. दीड-दोन वर्षांपासून पनवेलचा माल तोच आणतो. आधी मी एसटीने खोके घेऊन यायची, कंबर धरायची. याने आणायला लागल्यापासून माल स्वस्तही पडतो. तसं मी त्याला दहा वेळा सांगितलंय, फुगू दे थोडा.

"वयनी, कशाला डोकं लावतंस?" तो म्हणाला. "कोन पन बनवू दे. तेल शेवटी तेलच असतंय, डबा फक्त वेगला."

मग मागच्या पडवीतले रिकामे कॅन त्याने टेंपोत भरले, टोपणं एका पिशवीत वेगळी मोजून, आणि गाड्यांतून काढलेल्या जळक्या ऑइलचा ड्रमही चढवला. हे सगळं कोळीवाड्यात जातं. कॅन टोपण घट्ट लावून जाळ्यांना बांधतात, पाण्यावर तरंगतात. जळकं ऑइल होड्यांच्या लाकडाला चोपडतात. गॅरेज सुरू केल्यापासूनची आमची ही रीत आहे. नीरामावशी बदल्यात बोंबील पाठवायची. हल्ली बरेच दिवस बोंबील आले नाहीत, म्हातारी झाली बिचारी.

रविवार, ३० मार्च. पाडवा

आकडा घेतला नाही, सणाला कशाला. दिशा श्रीखंड घेऊन आली होती. गुणी मुलगी. हळद २९ एप्रिलला, लग्न अक्षय तृतीयेला. डीजेवाला, मंडपवाला, मटणवाला, सगळे ठरले.

संध्याकाळी समजलं की विनेश चुलतभावाच्या बोटीवर खलाशी म्हणून जायला लागला. श्रीखंड गोड लागेना.

मंगळवार, १ एप्रिल

१५२/९६. डोक्यात आलं, रुचिका! शाळेत माझ्या बाकावर बसायची. आता तळोज्याला तेलाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. फोन केला.

ती म्हणाली, "गाड्यांच्या कंपन्या तेल बनवतच नाहीत, कल्पे. मोठी तेल कंपनी त्यांच्या कृतीप्रमाणे बनवते आणि त्यांच्या डब्यात भरून देते. कोण बनवतं ते आमच्यासारख्यांना चाचणीत साधारण ओळखता येतं. एक बाटली एसटी पार्सलने पाठव. आणि कॅनच्या तळाचा फोटो पाठव. तिथे घड्याळासारखं गोल चिन्ह असतं, मध्ये बाण. प्लॅस्टिकचा डबा कुठल्या महिन्यात, कुठल्या वर्षी ओतला ते त्यावरून कळतं."

विनेशला ज्यातून तेल घातलं तो कॅन अजून माझ्याकडे होता. कॅन साडेतीन लिटरचा असतो आणि गाडीला तीन लागतं, म्हणून उरलेलं मी त्या त्या गिऱ्हाइकासाठी ठेवते. तळावर खिळ्याने गाडीचे शेवटचे चार आकडे कोरते. मराठी आकडे, मला तेच येतात झटकन. मार्करने लिहिलेलं तेलाने पुसतं. तर विनेशचे आकडे होते, पण बाकी तळ कानशीने घासल्यासारखा खरवडलेला. कडेला ते घड्याळ अर्धवट दिसत होतं. बाण ऑगस्टवर, मध्ये २२. आणि लेबलावर तेल भरल्याची तारीख गेल्या डिसेंबरची.

"म्हणजे डबा दोन वर्षं कोरा पडून होता," मी म्हटलं. "एवढी मोठी कंपनी आणि जुने डबे संपवतेय. कंजूष मेले."

रुचिकाने विचारलं, "तुमच्याकडचे रिकामे कॅन तू काय करतेस गं?"

मी कोळीवाड्याचं सांगितलं.

"भोक पाडून देतेस ना?"

"भोक पाडलं तर तरंगणार कसा?"

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. कामाच्या घाईत असावी.

शुक्रवार, ४ एप्रिल

कार्ल्याला एकवीरेला जाऊन आलो. दरवर्षी चैत्रात जातोच, यंदा लग्नाची पत्रिकाही ठेवायची होती. आईसमोर हात जोडून मोठ्याने म्हटलं, "ज्याने हे तेल बनवलं त्याला समोर आण, आणि सोडू नको." मागच्या चार बायका वळून बघायला लागल्या. अल्पेश नेहमी माझ्या उजव्या हाताला उभा असतो, ओटी तोच धरतो. आज नेमकं त्याला गाडीचा टायर बघायला खाली जावं लागलं. एवढ्या पायऱ्या उतरून. येताना त्याने वडापावही खाल्ला नाही. लग्नाआधी मुलांचं असं होतंच.

बुधवार, ९ एप्रिल

१६०/१००. गोळी दुप्पट.

रुचिकाचा फोन. "यात सिंथेटिक काहीही नाही. एकदा वापरलेलं तेल आहे, गाळून, रंग टाकून भरलेलं. धातूचा चुरा अजून आहे त्यात."

माझे कान तापले. वापरलेलं तेल! लोकांच्या गाड्यांतून काढलेलं! "हे तेजोरथवाले असलं विकतात?"

"कल्पे, हे कुठल्याच कारखान्याचं नाही. नीट विचार कर. तुझ्या फळीवर येईपर्यंत ते कोणाकोणाच्या हातातून आलं?"

"पनवेलच्या डीलरकडून थेट अल्पेशच्या हातात," मी म्हटलं, "मध्ये दुसरं कोणी नाही. तेवढी एक बाजू तरी भरवशाची."

ती म्हणाली, "तू शांतपणे विचार कर." शांतपणे! मी त्याच तिरमिरीत तेजोरथच्या मोठ्या ऑफिसला पत्र लिहिलं. रुचिकाचा चाचणीचा कागद जोडला. सोबत तेलाची बाटली. चार पानं झाली. निकेत म्हणाला, एक पुरलं असतं. शेवटी लिहिलं, 'हे तेल बनवणाऱ्या माणसाचं पूर्ण नाव आणि पत्ता मला पंधरा दिवसांत कळवा. एका गरिबाचं पोट त्याने मारलं आहे आणि तो कोण हे जाणून घेण्याचा आम्हाला हक्क आहे.' रजिस्टर पोस्टाने धाडलं. पोस्टातून परत येताना जरा बरं वाटलं. घरी येऊन मोजलं तर १६२.

मंगळवार, १५ एप्रिल

आकडा नाही. मशीन घरी राहिलं आणि मी घरी नव्हते.

पत्राचं उत्तर नाही. मला बसवेना. म्हटलं कोळीवाड्यात आमचे जुने कॅन जाळ्यांना असतील, त्यांच्या तळाची घड्याळं बघावी, म्हणजे कंपनी कधीपासून जुने डबे भरतेय ते कळेल. स्कूटर काढली आणि गेले.

नीरामावशी बांबूंवर बोंबील पालटत होती. "आज वाट चुकलीस का गो कल्पिता?"

मी डबे मागितले. तिने जाळ्यांच्या ढिगातून तीन शोधून दिले. उन्हाने पांढरे पडलेले, लेबलं गेलेली. "एवरेच हाईत. दोन वरसं होतील, तुजा दीर इकडं फिरकला नाय. आमी आता जाल्यांना बाजारशी बोये आनताव."

"आणि जळकं ऑइल?"

"त्यो पन नाय. मी बोलली, श्रीमंत झाली कल्पिता, इसरली आमाला. म्हनून बोंबील पन नाय धारले."

मी हसले. काय बोलले ते आठवत नाही.

तेवढ्यात विनेश धक्क्यावरून आला. तोंड पिवळं, ओठ सुकलेले, गळ्यात पंचा. तीन आठवड्यांत शर्ट अंगावर लोंबायला लागलाय. मला बघून त्याने आधी तोंड धुतलं. "ताई, लागला का शोध?"

"लागेल. जवळ आलेय," मी म्हटलं.

मावशीने पिशवीभर बोंबील दिले. नको म्हणायला तोंड नव्हतं.

बुधवार, १६ एप्रिल

१५८/९८. सकाळीच अल्पेशला विचारलं, कॅन कुठे देतोस. लगेच म्हणाला, "बोर्लीकडं. बोर्ली पंचतनच्या बाजारात दिघीचे लोक येतात, ते नेतात. त्यांना जास्ती गरज हाय."

बरोबर आहे. दिघीलाही कोळी आहेतच. उगीच काहीतरी मनात आणत होते. मावशीला सांगायला हवं होतं त्याने, इतकंच. तिला वाईट वाटलं.

निकेतला हे सांगितलं तर तो स्पॅनर पुसत राहिला. एकच स्पॅनर, पाच मिनिटं.

सोमवार, २१ एप्रिल

फळीवर तेजोरथचे चौदा सीलबंद कॅन होते. आज गिऱ्हाईक नव्हतं म्हणून एकेक खाली काढून उलटा केला. का केला ते मला विचारू नये. तेरा कॅनांचे तळ घासलेले. चौदाव्याचा घासायचा राहिला असावा, किंवा घासणाऱ्याला तो नुसता ओरखडा वाटला असावा.

२२०९.

माझ्या खिळ्याने कोरलेले. माझा नऊ, शेपूट उलटीकडे वळणारा, ज्यावरून रुचिका शाळेत मला हसायची. आक्षीच्या डॉक्टरांची गाडी. डॉक्टर गेल्याला वर्ष झालं, त्यांच्या नावाचा उरलेला कॅन मीच पडवीत रिकाम्यांत टाकला होता.

सील नवं कोरं होतं. टोपणाखाली चंदेरी पन्नी, नीट चिकटवलेली. मी नखाने फाडली, अंगठ्यावर दोन थेंब घेतले आणि चोळले, निकेतने चोळले होते तसे. मला काही कळलं नाही. त्याला कळलं होतं. त्याला त्या दिवशीच कळलं होतं.

दुकान तीन वाजता बंद केलं. अठरा वर्षांत दुपारी पहिल्यांदा.

मंगळवार, २२ एप्रिल

अल्पेश टेंपो धूत होता. मी २२०९चा कॅन बॉनेटवर ठेवला, तळ वर करून. त्याने पाइप खाली सोडला. पाणी वाहत राहिलं, दोघांपैकी कोणी नळ बंद केला नाही.

"तू दरवेली बोलायचीस," तो म्हणाला. "कंपनीची सर्विसवाली गाडी दारोदार फिरते, आपलं कसं होनार. म्हनून पैले दहाच डबे केले. बोर्लीला एकाची शेड हाय, तो गालून देतो, रंग टाकतो. आधी पनवेलच्या मालात चार-पाच मिसलून आनायचो, मग सगले तेच. कोनाला काय झाला? एक विनेश सोडला तर कोनाचा इंजिन बसलाय काय, सांग!"

"आपलंच जळकं ऑइल," मी म्हटलं. "आपल्याच डब्यात."

"आपलाच असा नाय. आनखी दोन-तीन गॅरेजचा पन असतंय."

हे त्याने मला धीर द्यायला सांगितलं. मला हात उचलावासा वाटला आणि मिठीही मारावीशी वाटली, आणि दोन्ही केलं नाही म्हणून आता हात दुखताहेत.

"वयनी, हलद होऊ दे. मग तू बोलशील ते करतो. दिशाच्या घरी समजला तर लग्न मोडेल."

निकेत घरात होता. विचारलं, "तुला माहीत होतं?"

"संशय होता," तो म्हणाला. "भाऊ हाय माझा. तू शोधत होतीस. वाटला, तुला दुसराच कोनतरी सापडावा."

या सगळ्या महिन्यात त्याचं हे सगळ्यात लांब बोलणं.

गुरुवार, २४ एप्रिल

१६४/१०२. काल आणि आज फोन केले. माझ्या वहीत कोणाला कुठल्या मालातला कॅन दिला ते सगळं आहे. सव्वीस गाड्या. "गाडी चालू करू नका, आणून लावा, तेल फुकट बदलून देतो." का, असं विचारलं तर म्हटलं, माल खराब निघाला. खोटं नाही, खरंही नाही. निकेत सकाळपासून गाड्यांखाली आहे. नवा माल मी स्वतः पनवेलहून आणला, एसटीने.

पडवीतल्या रिकाम्या कॅनांना निकेतच्या ड्रिलने भोकं पाडली. एकेक करत सगळ्यांना.

विनेशला फोन केला नाही. त्याच्या गाडीत बदलायला काही उरलेलंच नाही.

शनिवार, २६ एप्रिल

तेजोरथचं उत्तर आलं. जाड कागद, सोनेरी चिन्ह. तुमचा विश्वास आम्हाला मोलाचा वगैरे. मग, 'आमच्या पुरवठादाराचे नाव आम्ही जाहीर करत नाही. आपण पाठवलेला नमुना आमच्या कोणत्याही पुरवठादाराचा नाही. तो बनावट आहे. तो बनवणाऱ्याचे नाव आपणास ठाऊक असल्यास सोबतच्या फॉर्मवर नोंदवावे. ग्राहकाची फसवणूक झाल्याचे सिद्ध झाल्यास त्याच्या इंजिनाच्या दाव्याचा फेरविचार करण्यात येईल. आमचे अधिकारी २९ एप्रिल रोजी दुपारी आपल्या दुकानास भेट देतील.'

फॉर्ममध्ये माझाच प्रश्न. 'बनवणाऱ्या व्यक्तीचे पूर्ण नाव आणि पत्ता.' मी त्यांना विचारला होता तसाच, त्यांनी फक्त चौकट आखून परत पाठवलाय.

नाव लिहिलं तर विनेशला इंजिन. नाही लिहिलं तर अल्पेशला लग्न. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं आणि परत तेच लिहिलं, कारण दुसरं वाक्यच नाही.

निकेतने वाचलं. म्हणाला, "आपन दोघं मिलून विनेशचा इंजिन बांधून देऊ. मी स्वता बांधतो. नाव कशाला?"

निकेत चांगला मेकॅनिक आहे. पण बोर्लीची ती शेड उद्याही चालू राहणार. आणि विनेशसमोर मी नुसत्या इंजिनाची शपथ घेतली नव्हती, नावाचीही घेतली होती.

सोमवार, २८ एप्रिल

दारात मंडप. आंब्याचे टहाळे, पाट, हळकुंडं. घर भरलंय. सगळ्या बायका मला विचारतात, वरमाईचा चेहरा असा का. मी म्हणते बीपी.

मंगळवार, २९ एप्रिल. हळद

सकाळी अल्पेशला पाटावर बसवलं. लग्नाचे धवले गाणाऱ्या बायकांनी पहिलं गाणं धरलं. आई नाही, म्हणून पहिली हळद माझी. पायापासून लावत वर गेले, गुडघे, हात, गाल. लहानपणी ताप आला की असाच तोंड वर करून बसायचा. मान खाली घालून म्हणाला, "वयनी, तो मानूस आज येनार ना?"

"तीन वाजता."

"तू काय लिवनार?"

"तुला काय वाटतं?"

बायका गात होत्या. मग तो म्हणाला, "दिशाला काल सांगितला मी. सगला. ती रडली. बोलली, लग्न करीन, पन आधी तुझं तू निस्तर." आणि मग, "वयनी, माझ्या हातानं नाव लिववत नाय. तूच लिव." रडत होता. हळदीत कोणाला कळलं नाही, सगळ्यांना वाटलं डोळ्यात गेली.

मला अभिमान वाटला. लाजही वाटली, अभिमान वाटल्याची.

अडीचला मंडपातून उठून दुकानात आले. हात धुतले तरी नखांत पिवळं राहिलंच. डीजे इथपर्यंत ऐकू येत होता. अधिकारी तीनला आला, तरुण, टाय लावलेला. मागून विनेशही आला. मीच बोलावलं होतं. त्याला म्हटलं, "बस. ऐकून मग काय बोलायचं ते बोल."

फॉर्म पुढे घेतला. बनवणाऱ्याचं पूर्ण नाव: अल्पेश धर्मा घरत. बाजूच्या रिकाम्या जागेत बोर्लीच्या शेडचं लिहिलं. विकणाऱ्याचं नाव वेगळं विचारलं नव्हतं, तरी खाली लिहिलं: कल्पिता निकेत घरत. कागदाच्या कडेला पिवळं बोट उमटलं.

विनेश वाकून वाचत होता. वाचून मागे सरकला. मी वर बघितलं नाही.

"पत्ता राहिला, मॅडम," तो अधिकारी म्हणाला.

गल्ल्यावर आमचा 'एकवीरा ऑटो, चौल'चा शिक्का पडला होता, विनेशच्या बिलावर मारला होता तोच. तो शाईत दाबला आणि पत्त्याच्या चौकटीत मारला.